सांताक्रूझची गोरखचिंच

ज्या उपनगराच्या नांवांतच पवित्र क्रूस आहे, त्या सांताक्रूझच्या पश्चिमेस स्वामी विवेकानंद मार्गाच्या कडेला एक प्रचंड गोरखचिंच उभी होती. तिचें वय तीनशें वर्षांचें मानीत. २०२४ च्या मे महिन्यांत मेट्रोच्या २ब मार्गाच्या कामासाठीं ती तोडण्यांत आली. हा मार्ग अंधेरीच्या डी. एन. नगरापासून मानखुर्दजवळच्या मंडाळ्यापर्यंतचा, म्हणजे आपल्या वाशीच्या खाडीपलीकडचा. तेव्हां नवी मुंबईकर वाचकांस ही हकीकत अगदींच परकी वाटूं नये.

हें झाड मूळचें आपलें नव्हे, आफ्रिकेचें. अरब व्यापारी, हबशी, पोर्तुगीज अशा अनेकांच्या गलबतांतून निरनिराळ्या काळीं त्याचें बीं भारतांत आलें, असें अभ्यासक मानतात. कोणा एकासच श्रेय देतां येत नाहीं. आपल्या लोकांनीं गोरखनाथाचें नांव देऊन त्याला घरचें करून घेतलें. तीनशें वर्षांचा अदमास खरा धरला, तर सांताक्रूझचें झाड रुजलें तेव्हां साष्टी बेटावर पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेतलें, १७३९ सालीं वसई पडली. त्या वेळीं तें कोवळेंच असावें. पुढें त्याच्या शेजारचा घोडबंदर रस्ता स्वामी विवेकानंदांच्या नांवानें ओळखला जाऊं लागला.

इतकीं वर्षें तें वांचलें कसें? माझ्या मतें, निरुपयोगीपणामुळें! गोरखचिंचेचें लांकूड भुसभुशीत व पाण्यानें भरलेलें. तें सुताराला नको, चुलीलाहि नको. तिचीं मोठीं पांढरीं फुलें रात्रीं उमलतात आणि वटवाघळें त्यांचें परागण करतात. वाळलेलीं फळें कोळी लोक जाळें तरंगत ठेवण्यास वापरीत. वर्षाचे कित्येक महिने झाड निष्पर्ण असतें, पावसाबरोबर पालवतें. २०२४ चा पाऊस या झाडास मिळाला नाहीं.

कायदा नव्हता असें नाहीं. शहरी भागांतील झाडांसाठीं महाराष्ट्रानें १९७५ सालींच कायदा केला. २०२१ च्या दुरुस्तीनें ५० वर्षांवरील झाडास ‘प्राचीन वृक्ष’ हा मान दिला. परंतु असें झाड तोडावयाचेंच झाल्यास त्याच्या वयाइतकीं रोपें लावावींत, अशीहि त्यांत तरतूद आहे. आतां गोरखचिंचेचें वय मोजणें मोठें दुष्कर. तिचें खोड आंतून पोकळ होत जातें आणि वलयें अस्पष्ट असतात. आफ्रिकेंतील वृद्ध झाडांचीं वयें शास्त्रज्ञांस किरणोत्सर्गी कार्बनावरून ठरवावीं लागलीं. मग रोपें दोनशें लावावयाचीं कीं तीनशें? तीनशें लाविलीं, तरी त्यांतील एकहि २३२४ सालापूर्वीं या झाडाच्या वयास पोहोंचावयाचें नाहीं.

आफ्रिकेंतहि या वृक्षांवर संकट आहे. तेथील सर्वांत जुन्या १३ गोरखचिंचांपैकीं ९ झाडें २००५ नंतर पूर्णतः वा अंशतः कोसळलीं, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत नमूद आहे. बदलतें हवामान हें कारण असावें, असा संशोधकांचा तर्क. सांताक्रूझला तर्काची गरज नव्हती. तेथें करवत होती.

वसईच्या बाजूस व मुंबईंत इतरत्र अजून गोरखचिंचा उभ्या आहेत. ज्या वाचकांचीं मूळ घरें तिकडे आहेत, त्यांनीं सणासुदीस गेल्यावर त्यांचा घेर दोरीनें मोजावा, आणि वडीलधाऱ्यांस आठवत असलेली माहिती तारखेनिशीं लिहून ठेवावी.