केमिकल प्लांटमधला ‘तात्पुरता’ बदल धोकादायक का ठरतो?

इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील कारखान्यात ज्वालाग्राही सायक्लोहेक्झेनच्या सहा रिअ‍ॅक्टरपैकी पाचव्याला तडा गेला. उत्पादन थांबू नये म्हणून तो काढून चौथा आणि सहावा रिअ‍ॅक्टर तात्पुरत्या पाइपने जोडण्यात आला. या पाइपचं रीतसर डिझाइन झालंच नव्हतं. आकृती वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढली होती.

१ जून १९७४ रोजी पाइप तुटला, वाफेचा ढग पेटला आणि २८ जणांचा मृत्यू झाला. शनिवार असल्याने ऑफिस रिकामं होतं, नाहीतर आकडा आणखी वाढला असता.

या दुर्घटनेनंतर ‘मॅनेजमेंट ऑफ चेंज’वर भर दिला जाऊ लागला. म्हणजे पाइप, व्हॉल्व्ह किंवा तापमानाची मर्यादा बदलण्याआधी परिणाम तपासायचे आणि लेखी मंजुरी घ्यायची. बदल दोनच दिवसांसाठी असला, तरीही.