घर घेण्याआधी राजगृहाचा इतिहास वाचा

नोकरी लागली की आपल्या तरुणांना नातेवाइकांकडून पहिला प्रश्न येतो, "फ्लॅट कधी घेणार?" हा प्रश्न फक्त बँकेच्या हप्त्याचा आहे, असं आम्ही मानत नाही. ज्यांना शतकानुशतकं गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी घर हा इतिहासाचा प्रश्न आहे. मात्र हा इतिहास अर्धवट वाचला, तर तोच आपल्याला घाईने कर्जात लोटतो.

महारवाड्यातलं घर आपलं होतं का? वतनाची जमीन होती, पण तिच्या बदल्यात गावाची आणि सरकारची राबणूक गळ्यात होती. जमीन आणि गुलामी एकाच दाव्याला बांधलेली होती. म्हणूनच बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. ही वतनं संपवणारा कायदा यायला मात्र 1958 साल उजाडलं. मालकी असूनही माणूस बांधलेला राहू शकतो, हा पहिला धडा.

दुसरा धडा मुंबईच्या चाळींचा. 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली जेमतेम 160 चौरस फुटांची, तीही भाड्याची. तरीही अशा भाड्याच्या खोल्यांतूनच चळवळीचे कार्यकर्ते घडले. स्वतःचं घर नाही म्हणून कुणाचं काम थांबलं नाही.

आता बाबासाहेबांकडे पाहू. 1917 मध्ये बडोद्याच्या नोकरीवर गेले तेव्हा पदवी होती, हुद्दा होता, पगार होता, छत नव्हतं. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढलं गेलं. हा अपमान सोसलेल्या माणसाने पहिल्या कमाईत बंगला बांधला असता तर कुणी दोष दिला नसता. पण 1923 मध्ये वकिली सुरू झाली, 1927 मध्ये महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदेला जाणं झालं. तरी बिऱ्हाड परळच्या बीआयटी चाळीतच होतं. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह उभं राहिलं ते 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तेही ग्रंथ डोळ्यांपुढे ठेवून. 1951 मध्ये मंत्रिपद सोडल्यावर ते दिल्लीत 26 अलीपूर रोडला राहिले. ते घरही त्यांच्या मालकीचं नव्हतं. घर कामासाठी होतं, दाखवण्यासाठी नव्हतं.

"मग आपण भाड्यानेच राहायचं का?" नाही. आडनाव कळताच खोली 'आताच गेली' म्हणणारे घरमालक आजही आहेत. एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा गृहनिर्माण संस्थेचा नियम 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. अशा वेळी स्वतःचं दार असणं ही सुरक्षितता आहे. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राखीव घरं असतात. तो हक्क आहे, उपकार नाही; अर्ज भराच.

पण भरण्याआधी हिशेब करा. 30 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे 26 हजार आणि एकूण फेड सुमारे साडेबासष्ट लाख. नोकरी कंत्राटी असेल तर हा हप्ता कोण भरणार? आईवडिलांचं आजारपण, धाकट्या भावंडांचं शिक्षण यांचा वाटा काढून किती उरतं? निदान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला आहेत का? जागा वतनाची असेल, तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतली होती का, हे सातबारा आणि फेरफार काढून तपासलं का?

तथागतांनी सिगालाला कमाईचे चार भाग करायला सांगितलं : एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, एक अडचणीच्या काळासाठी. अनाथपिंडिकाला गृहस्थाची सुखं सांगताना त्यांनी ऋणमुक्तीचं सुख वेगळं मोजलं. चौथा भाग ज्याच्याकडे शिल्लक नाही, त्याने अजून थांबावं. यात कमीपणा नाही.

हप्ता बुडेल या भीतीने जो साहेबापुढे तोंड उघडू शकत नाही, मोर्चाला येऊ शकत नाही, त्याच्या गळ्यात नवं वतन पडलं आहे. ज्या घरामुळे मान ताठ राहते तेच घर घ्या, आणि त्यात पहिली भिंत पुस्तकांची ठेवा.

जय भीम!