दिनविशेष : ९ डिसेंबर

१९४२ : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे उत्तर चीनमधील हपै प्रांतात वयाच्या ३२ व्या वर्षी अपस्माराने निधन झाले. जपानविरुद्ध लढणाऱ्या चिनी सैनिकांवर ते उपचार करत होते. सहकारी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी तेथेच त्यांनी विवाह केला होता.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी ही हकीकत इंग्रजी पुस्तकात लिहिली. तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा हिंदी चित्रपट काढला. नायक ते स्वतः, नायिका जयश्री, संगीत वसंत देसाई यांचे.

युद्धकाळातील प्रेमकथा पडद्यावर आणताना किती बदल करावा, हा प्रश्न या चित्रपटामुळे आजही उभा राहतो. नायकाच्या मृत्यूनंतर चिनी पत्नी मूल घेऊन सासरी येते, असा शेवट शांताराम यांनी केला. प्रत्यक्षात छिंगलान चीनमध्येच राहिल्या. भारतात त्या पुढे पाहुण्या म्हणून आल्या. तरीही हा बदल समर्थनीय आहे, कारण सोलापूरच्या घरात न परतलेल्या मुलाची जागा त्याशिवाय पडद्यावर दिसली नसती. आपली बाजू छिंगलान यांनी नंतर आत्मकथनातून स्वतः मांडली. चित्रपट पाहणाऱ्याने तेही वाचायला हवे.