छिन्नमनस्कता : भावप्रक्रिया व मेंदू

स्किझोफ्रेनिया अथवा छिन्नमनस्कता या विकारात भास, भ्रम व विस्कळीत विचार यांच्या जोडीला भावनांचे व्यवहारही बिघडतात, आणि कुटुंबाला या शेवटच्या बिघाडाची झळ बहुधा अधिक काळ लागते. १९०८ साली विकारास हे नाव देणाऱ्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी भावविसंगती मूलभूत लक्षणांतच गणली होती.

मुद्रा निर्विकार व स्वर एकसुरी असलेल्या रुग्णास काही वाटतच नाही, हा समज वैद्यकातही दीर्घकाळ रूढ होता. परंतु अ‍ॅन क्रिंग व जॉन नील या मानसशास्त्रज्ञांच्या १९९६ मधील प्रयोगात, भावोत्कट चित्रफिती पाहताना ज्यांच्या चेहऱ्यावर फारसे काही उमटले नाही, त्याच रुग्णांनी निरोगी माणसांइतकीच भावना अनुभवल्याचे सांगितले, आणि त्यांच्या त्वचेच्या विद्युत्‌वाहकतेतील चढउतार तर अधिकच होते. तेव्हा केसपेपरवरील ‘भावशून्य’ हा शेरा पुष्कळदा घाईचा ठरतो. शिवाय क्लोरप्रोमाझिनपासून (१९५२) प्रचारात आलेल्या काही औषधांनीही चेहरा ताठरतो, हे ध्यानी घ्यावे लागते.

मेंदूच्या कार्यदर्शी प्रतिमांत भयाकुल व तटस्थ चेहऱ्यांना अमिग्डला हा भावनांशी निगडित भाग देतो त्या प्रतिसादांतील अंतर रुग्णांत आखूड आढळते. काही अभ्यासांत तटस्थ चेहराच अमिग्डलास अधिक चेतवतो. मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांच्या २००३ मधील मांडणीनुसार डोपामीन या मेंदूतील रसायनाच्या अवेळी स्रावामुळे क्षुल्लक गोष्टींना अवास्तव महत्त्व प्राप्त होते. घरातल्या माणसाने सहज पाहिले, तरी रुग्णाला त्यात हेतू का दिसावा, याचा काहीसा उलगडा येथे होतो. चेहऱ्यावरील भावना ओळखण्याच्या पाश्चात्त्य चाचण्या आपल्याकडे पुरत्या लागू पडत नाहीत, म्हणून बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २००८ च्या सुमारास भारतीय चेहऱ्यांची ‘ट्रेंड्स’ ही चाचणी सिद्ध केली.

रुग्णाची उपचारसोय व घरचे वातावरण यांचा विचार स्थळानुसार करावा लागतो. उदाहरणार्थ, पोलाद कारखान्याचे गाव भिलाई हे ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांताच्या अंमलाखाली होता, आणि नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासूनचे. आज या भागाचे शासकीय मनोरुग्णालय बिलासपूरजवळ सेंदरी येथे आहे. भिलाईत कारखान्याचे मोठे इस्पितळ सेक्टर ९ मध्ये आहे. कारखान्याच्या रात्रपाळ्या चालणाऱ्या अशा गावी झोपेचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो, कारण झोपमोड ही विकार उलटण्याची पूर्वखूण असू शकते. नातलगांची सततची टीका व वैरभावही तो उलटण्याचा संभव वाढवितात. चंडीगढच्या कुटुंबांत मात्र अशी टीका लंडनपेक्षा बरीच कमी आढळली होती.