त्रुटिसंकेत, मेंदूतील

आपल्याच हातून चूक घडताच मेंदूत उमटणारा विद्युत् प्रतिसाद. प्रयोगात पडद्यावर पाच बाण दिसतात; मधल्या बाणाच्या दिशेचे बटण झटपट दाबायचे असते. बाजूचे चार उलट दिशेला असले की बोट फसते. अशा फसलेल्या दाबानंतर साधारण 100 मिलिसेकंदांच्या आत, टाळूच्या किंचित पुढे लावलेल्या इलेक्ट्रोडवर ऋण विभवाची लाट नोंदली जाते. ‘अरेच्चा’ तोंडातून निघायच्या कितीतरी आधी. 1990 च्या सुमारास जर्मनीत मिखाएल फाल्केनश्टाइन आणि अमेरिकेत विल्यम गेरिंग यांच्या गटांनी ती स्वतंत्रपणे टिपली. तिचा उगम मुख्यतः अग्र सिंग्युलेट बाह्यकात, म्हणजे दोन्ही गोलार्धांच्या आतल्या, समोरासमोरच्या बाजूंवर मानला जातो.

पाठोपाठ, 200 ते 400 मिलिसेकंदांदरम्यान, धन लाट येते. चूक झाल्याचे माणसाला स्वतःला कळले असेल, तर ती अधिक ठळक असते. त्यामुळे चूक टिपणे आणि ती कळणे या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात.

चुकीनंतरचे पुढचे उत्तर सहसा सावकाश येते, हे पॅट्रिक रॅबिट यांनी 1966 मध्ये दाखवले. पण सावकाश दिलेले उत्तर बरोबर असतेच असे नाही. हा सावधपणा की नुसती बावरलेली अवस्था, यावर संशोधकांत एकमत नाही. कल्पना-कृति-अनिवार्यता विकारात ऋण लाट सरासरीने मोठी आढळते. गॅस बंद केल्यावरही तो पुन्हापुन्हा तपासायला लावणाऱ्या शंकेशी तिचा संबंध जोडला जातो.