पथ्य सांभाळून हॉटेलात जेवायचे असेल तर: सोलापूरच्या ताटातले काय चालते, काय नाही

"डॉक्टर, मग आता बाहेरचे जेवण कायमचे बंद का?" मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार किंवा अॅलर्जी असे निदान झाले की बहुतेक रुग्णांचा हा प्रश्न असतो. घरात पथ्य पाळता येते. पण नोकरीची फिरती असते, लग्नकार्ये असतात, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला पाहुणे येतात, आणि दवाखान्याच्या चकरा मारतानाही दुपारचे जेवण हॉटेलातच होते.

बहुतेक रुग्णांसाठी या प्रश्नाचे उत्तर "नाही, कायमचे बंद नाही" असे आहे. मात्र आपले पथ्य नेमके कशाचे आहे हे माहीत हवे आणि ते हॉटेलवाल्याला समजेल अशा शब्दांत सांगता यायला हवे.

थोडक्यात महत्त्वाचे

- "तिखट कमी" म्हणजे "मीठ कमी" नव्हे. दोन्ही वेगवेगळे सांगावे लागते.
- एकाला चालणारा पदार्थ दुसऱ्याला धोक्याचा असू शकतो. शेजाऱ्याचे पथ्य उचलू नका.
- आधीच शिजवून ठेवलेल्या रश्शातले मीठ काढता येत नाही. समोर ताजे बनणारे पदार्थ मागवा.
- जेवणाआधीचे इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय घेऊ नका.
- शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असेल तर "थोडेसे चालेल" असे काही नसते.

पथ्य नेमके कशाचे?

"मला पथ्य आहे" एवढेच सांगितले की सोलापुरातला वेटर बहुधा "फिके देतो" म्हणतो आणि मिरची कमी करतो. रुग्णाचेही समाधान होते. पण रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्रास देते ते मुख्यतः मीठ. कमी तिखटाच्या भाजीत मीठ, तेल आणि शेंगदाण्याचा कूट तेवढाच असतो.

म्हणून घरातून निघण्यापूर्वी स्वतःला विचारा: मला टाळायचे आहे ते मीठ, साखर-पिष्ट, पोटॅशियम, पाणी, गहू, की शेंगदाणा? काही रुग्णांना यातल्या दोन-तीन गोष्टी एकाच वेळी टाळाव्या लागतात. उत्तर माहीत नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून एका कागदावर लिहून घ्या.

ताट तेच, धोका वेगळा

*ज्वारीची भाकरी.* मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि या जिल्ह्यात भाकरी हॉटेलातही सहज मिळते. ज्वारीत ग्लुटेन नसते, तंतू चांगले असतात आणि भाकरीत बहुधा मीठही घालत नाहीत. पण "ज्वारीने साखर वाढत नाही" हा समज चुकीचा आहे. साधारण ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे जवळजवळ दोन लहान चपात्यांएवढी. हॉटेलातली भाकरी मोठी असेल तर एकच पुरे.

*शेंगा चटणी आणि शेंगदाण्याचा कूट.* मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण १७० कॅलरी आणि २०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. मधुमेहाच्या रुग्णाला एखादा चमचा चटणी चालते. रक्तदाब असेल तर चटणीतल्या मिठाचा विचार करावा लागतो. पोटॅशियम वाढलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णाने ती टाळलेली बरी. अॅलर्जी असलेल्याला तर त्या चटणीचा चमचा भाजीत बुडला तरी धोका आहे. कूट फक्त चटणीत नसतो. भरली वांगी, आमटी, कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी यांतही असतो.

*मटणाचा रस्सा.* अडचण मटणापेक्षा रश्शाची जास्त असते. मीठ आणि वर तरंगणारा तेलाचा तवंग त्यातच असतो आणि शिजताना मटण व भाज्यांतले पोटॅशियमही त्यातच उतरते. वाटीवर वाटी रस्सा ओरपण्याऐवजी मटणाचे दोन-तीन तुकडे निथळून घ्या.

*पापड, लोणचे, तळलेली मिरची, मठ्ठा.* ताटाच्या कडेला थोडे थोडे वाढलेले हे पदार्थ दिवसभराच्या मिठाचा मोठा वाटा उचलतात. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो आणि भज्यांत खाण्याचा सोडा. या दोन्हींतून सोडियमच पोटात जाते.

*उपवासाचे ताट.* एकादशीला पंढरपूरच्या वाटेवरच्या हॉटेलांत साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची आमटी मिळते. हे ताट "हलके" वाटते, पण साबुदाणा आणि बटाटा साखर लवकर वाढवतात, तर बटाटा आणि शेंगदाणा यांत पोटॅशियम भरपूर असते.

*शेंगा पोळी.* हिच्यात गहू, शेंगदाणा आणि गूळ तिन्ही असतात. गुळानेही साखर वाढते. "साखर नाही, गूळच आहे" या आग्रहाला मधुमेहाच्या रुग्णाने भुलू नये.

आजारानुसार काय करावे

उच्च रक्तदाब आणि हृदयविकार

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे साधारण एक सपाट लहान चमचा, आणि तोही सगळ्या पदार्थांतला मिळून. सैंधव आणि काळे मीठ यांतही सोडियमच असते. त्यांना सूट नाही.

भाकरी, साधा भात, बिनमिठाची काकडी व कांदा, साधे दही आणि मीठ कमी घालून ताजे केलेले पिठले किंवा ऑम्लेट हा चांगला पर्याय आहे. सोया सॉस घातलेले चायनीज पदार्थ आणि सूप टाळा.

मधुमेह

ताटात भाकरी किंवा भात यांपैकी एकच मुख्य ठेवा. आधी कोशिंबीर, भाजी, डाळ, दही खा, भाकरी नंतर. थाळीत "अनलिमिटेड" असते म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेण्याचे बंधन नाही.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी उशीर हाच मोठा धोका आहे. घरी इन्सुलिन घेऊन निघालात, हॉटेलात गर्दी निघाली आणि जेवण पाऊण तासाने आले, तर साखर घसरू शकते. थरथर, घाम, छातीत धडधड, चिडचिड किंवा गोंधळल्यासारखे वाटले आणि साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल, तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. सुधारणा नसेल तर तेवढेच पुन्हा घ्या. तुमच्या गोळ्यांत अकार्बोज किंवा व्होग्लिबोज असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, म्हणून खिशात ग्लुकोजची पावडरच ठेवा.

मूत्रपिंडाचा आजार आणि डायलिसिस

या रुग्णांचे पथ्य सर्वांत वैयक्तिक असते. ते रक्ततपासणीनुसार बदलते, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज उलट वाढते. त्यामुळे दुसऱ्या रुग्णाचा तक्ता वापरू नका.

- पोटॅशियम वाढलेले असेल तर शहाळ्याचे पाणी, फळांचे रस, टोमॅटोची दाट ग्रेव्ही, बटाटा आणि शेंगदाणे टाळा. सोलापूरच्या उन्हाळ्यात शहाळे "थंड आणि निरुपद्रवी" वाटते, पण त्याच्या एका पेल्यात साधारण ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असू शकते.
- "कमी सोडियमचे मीठ" घरून नेऊ नका. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते.
- पाण्याचे बंधन असेल तर ताक, आमटी, चहा, आइस्क्रीम आणि बर्फ हेही त्यातच मोजा. मीठ कमी खाल्ले तर तहानही कमी लागते.
- साखर घसरल्यास फळांच्या रसाऐवजी ग्लुकोज घ्या.

सिलिअ‍ॅक आजार

गहू, रवा, मैदा आणि बार्ली पूर्ण बंद असलेल्या रुग्णांसाठी भाकरीचा जिल्हा सोयीचा आहे, पण भाकरी ज्वारीची आहे एवढे पुरेसे नाही. पुढचे प्रश्न विचारा:

- पीठ ज्या गिरणीत दळले, तिथे त्याच जात्यावर गहू दळतात का?
- भाकरी आणि चपाती एकाच तव्यावर भाजतात का? थापताना परातीत गव्हाचे पीठ लावतात का?
- तळणीचे तेल पुरी, समोसा आणि भजी यांना एकच आहे का?
- फोडणीत हिंग कोणता आहे? बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो.

समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर साधा भात, दही, उकडलेली अंडी आणि फळे यांवर भागवा. "मागे एकदा खाल्ले, काही झाले नाही" हा पुरावा नव्हे. त्रास जाणवला नाही तरी आतड्याला इजा होत राहते.

शेंगदाण्याची अॅलर्जी

या पथ्याला सोलापूर हे अवघड शहर आहे हे स्पष्ट सांगायला हवे. तीव्र अॅलर्जी असेल तर कूट आणि चटणी सतत वापरणाऱ्या स्वयंपाकघरातले जेवण सुरक्षित धरता येत नाही. घाण्याच्या शेंगतेलातही शेंगदाण्याची प्रथिने राहतात. अशा रुग्णाने घरचा डबा नेणे आणि हॉटेलात फक्त सोबत बसणे हेच योग्य, आणि त्यात संकोचाचे काही नाही.

ऑर्डर देताना कसे सांगावे

देशभरात दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर कॅलरी आणि अॅलर्जी आणणाऱ्या घटकांची माहिती देण्याचा नियम आहे. आपण ज्या खानावळीत किंवा भाकरी-मटणाच्या हॉटेलात जेवतो, तिथे असा फलक बहुधा नसतो. म्हणून विचारणे आलेच. गर्दीची वेळ टाळून जा आणि शक्य असेल तर आधी फोन करा. वाक्ये छोटी ठेवा:

- "दादा, तिखट चालेल, पण मीठ अर्धेच घाला. डॉक्टरांनी सांगितलंय."
- "आत्ता ताजी कोणती भाजी करून द्याल? रस्सा आधीचा असेल तर नको."
- "यात कूट आहे का? जरा आत आचाऱ्यांना विचारून सांगा."
- "मठ्ठा नको, बिनमिठाचं ताक असेल तर द्या."
- "पापड, लोणचं, चटणी ताटात वाढूच नका."

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. समोर आलेली चटणी न खाण्यापेक्षा ती न वाढून घेणे सोपे असते. वेटरने विचार न करता "काही नाही त्यात" म्हटले तर मालकाला किंवा आचाऱ्याला पुन्हा विचारा.

सोबत जेवणाऱ्यांसाठी

आग्रह करणे ही आपल्याकडची माया आहे, पण "एक दिवस खाल्ल्याने काय होतंय" हे वाक्य रुग्णाला एकटे पाडते. सगळे ताटभर जेवत असताना वारंवार नाही म्हणणे थकवणारे असते. म्हणून हॉटेल निवडतानाच त्यांना चालेल असे एक-दोन पदार्थ मिळतील का ते पाहा. ऑर्डरच्या वेळी त्यांच्या वतीने विचारणा तुम्ही करा. आणि त्यांनी पथ्य मोडले तर चारचौघांत बोलू नका. ओरडा बसेल या भीतीने रुग्ण खाल्लेले लपवतो, आणि मग आम्हा डॉक्टरांना वाढलेल्या साखरेचे किंवा पोटॅशियमचे कारणच कळत नाही.

जेवणानंतर ताबडतोब मदत केव्हा घ्यावी

- अंगावर गांधी उठून त्यासोबत श्वास लागणे, घसा आवळणे, ओठ-जीभ सुजणे, उलट्या किंवा भोवळ: हा जीवघेणा प्रकार असू शकतो. डॉक्टरांनी अॅड्रेनलिन दिलेले असेल तर ते लगेच घ्या. रुग्णाला चालवू नका. पाय उंच करून झोपवा, श्वास लागत असेल तर बसवा. अॅलर्जीची गोळी हा याला पर्याय नाही.
- साखर घसरून शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि रुग्णालयात न्या.
- मूत्रपिंडाच्या रुग्णाला एकाएकी स्नायूंत अशक्तपणा, छातीत धडधड, ठोके चुकणे किंवा आडवे पडल्यावर धाप लागणे: पुढच्या डायलिसिसची वाट पाहू नका.
- छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ: "मसालेदार खाल्ल्याने पित्त झाले" असे समजून थांबू नका.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळच्या आपत्कालीन विभागात जा. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजेच सिव्हिल, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि कोणती औषधे चालू आहेत हे डॉक्टरांना सांगा.

पथ्य मोडलेच तर

एखाद्या दिवशी अंदाज चुकतो. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून किंवा मनाने गोळी वाढवून भरपाई करू नका. नेहमीच्या पथ्यावर परत या. साखर, रक्तदाब किंवा वजन मोजून वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत मोकळेपणाने सांगा. मात्र पोटॅशियम वाढण्याचा इतिहास असलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांनी भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या आजाराचा टप्पा, तपासण्या आणि औषधे यांनुसार पथ्य बदलते. त्यासाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*