भाऊंचा शेवट कोणता?

आमच्या घरात रेंज येत नाही. म्हणून ‘कामेन रायडर र्‍युकी’चा शेवटचा भाग मी आरे-वारेच्या घाटातल्या वरच्या वळणावर, स्कूटरवर बसून पाहिला. एका हाताला आरेचा किनारा, दुसऱ्या हाताला वारेचा, मध्ये आमचा डोंगर. भाग संपला आणि मला काहीच कळेना. कारण त्याच मालिकेचा वेगळा शेवट मी आधीच पाहिला होता. आणि आणखी एक होता, तो बघायचा राहिला होता.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. (स्पॉइलर आहेत, पण मालिका २००२ ची आहे, तेव्हा माफ करा.) तेरा रायडर आरशापलीकडच्या जगात एकमेकांशी लढतात. जो शेवटी उरेल त्याची एक इच्छा पूर्ण होणार. शिंजी नावाचा बातमीदार पोरगा या लढाईत शिरतो तो ती थांबवायला. मालिका फेब्रुवारी २००२ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २००३ मध्ये, पन्नासाव्या भागाने संपली. पण त्याआधी ऑगस्टमध्येच एक चित्रपट येऊन गेला होता. त्याची जाहिरातच अशी, की शेवटचा भाग आधी थिएटरात बघा. सप्टेंबरमध्ये टीव्हीवर एक खास भाग आला. त्यात लढाई चालू ठेवायची की थांबवायची, हे प्रेक्षकांना मत देऊन ठरवायचं होतं. लोकांनी ‘चालू ठेवा’ला मत दिलं. दुसरा शेवटही चित्रित झालेला होता, तो नंतर डीव्हीडीवर मिळाला.

मालिकेत शिंजी शेवटच्या भागाच्या आधीच मरतो. चित्रपटात तो आणि त्याचा मित्र राक्षसांच्या झुंडीवर झेप घेतात आणि पडदा तिथेच थांबतो. आता खरा शेवट कोणता? सगळेच. सगळे त्याच कंपनीचे, सगळे अधिकृत.

मला हे पटेना. ‘अधिकृत’ म्हणजे एकच असायला हवं ना? मान वर केली तर समोर दक्षिणेला काळबादेवीचा किनारा होता, त्यापलीकडे मिऱ्याचा डोंगर. त्याच्याही पलीकडे रत्नागिरीचा किल्ला. शाळेची सहल तिथे गेली तेव्हा आम्हाला भगवतीचं देऊळ आणि दीपगृह दाखवलं होतं. एका माणसाचा दुसरा शेवट याच किल्ल्यात कैदेत होता, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

तो माणूस म्हणजे सदाशिवराव भाऊ.

१४ जानेवारी १७६१, पानिपत. विश्वासरावांना गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. इथपर्यंत सगळे एकमताने सांगतात. पुढे फाटे फुटतात.

पहिला शेवट सावकारी चिठ्ठीतला. उत्तरेत असलेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती ती पडली, असं सांगतात. त्यात माणसांचा हिशेब दागिन्यांच्या आणि नाण्यांच्या भाषेत मांडला होता. दोन मोती गेले. एक विश्वासराव, दुसरे भाऊ. सावकाराच्या दृष्टीने खातं बंद.

दुसरा शेवट काशीराज पंडिताचा. हा शुजाउद्दौल्याच्या पदरचा माणूस, लढाईच्या वेळी तिथेच होता. तो लिहितो, की शुजाने माणसं पाठवून प्रेतांचा शोध घेतला, शिर नसलेलं एक धड सापडलं. जुन्या घावाचा वण आणि रोजच्या नमस्कारांनी हाता-गुडघ्यांवर पडलेले घट्टे, यांवरून ते भाऊंचं ठरवलं. शिर नंतर मिळालं. दहन झालं. सगळ्या पुराव्यांत मला हा भारी वाटतो. पण काशीराजाने हे फारसीत लिहिलं, तेही १७८० मध्ये. पुण्यात वाट बघणाऱ्यांना १९ वर्षं त्याचा काय उपयोग?

तिसरा शेवट लोकांच्या तोंडचा : भाऊ दिसेनासे झाले. मेलेलं कुणी पाहिलं नाही. हरियाणात रोहतकजवळ सांघी गावात आजही सांगतात, की भाऊ जखमी अवस्थेत तिथे आले, नाथपंथी साधू झाले आणि तिथेच राहिले. म्हणजे पानिपतपासून काही तासांच्या वाटेवर भाऊंचा एक शेवट अजून शाबूत आहे.

आणि चौथा शेवट आमच्या रत्नागिरीचा.

लढाईनंतर तीन-चार वर्षांत बुंदेलखंडात एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मीच भाऊ. तो कनोजा ब्राह्मण होता आणि त्याचं नाव सुखलाल किंवा सुखनिधान असं सांगतात. थोरल्या माधवरावांनी त्याला धरून पुण्याला आणवलं, चौकशी केली, तोतया ठरवला. पण मारला नाही. किल्ल्यांवर कैदेत ठेवला आणि फिरत फिरत तो रत्नागिरीच्या किल्ल्यात आला.

१७७६ च्या सुरुवातीला तिथला सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला सोडलं. नुसतं सोडलं नाही, भाऊसाहेब म्हणून उभं केलं. वेळ बरोबर साधली होती. पुण्याच्या गादीवर दोन वर्षांचे सवाई माधवराव, कारभार नाना फडणवीस आणि सखाराम बापूंकडे, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला. बघता बघता हजारो माणसं जमली. कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्याकडे गेले. तोतया घाटाच्या तोंडाशी, राजमाचीपर्यंत पोचला.

ही माणसं मूर्ख होती का? मला तसं वाटत नाही. पंधरा वर्षांपूर्वी घराघरातून कुणी ना कुणी उत्तरेला गेलं होतं आणि आलं नव्हतं. प्रेत नाही, निरोप नाही. भाऊ परत येऊ शकतात, तर आपलाही येऊ शकतो. र्‍युकीच्या प्रेक्षकांनी बटणं दाबून मत दिलं. कोकणातल्या लोकांनी भाला खांद्यावर टाकून दिलं. मत तेच : गोष्ट चालू ठेवा.

मत मोडणारे कोण होते, तेही बघा. नाना फडणवीस स्वतः पानिपतावरून जीव वाचवून आलेले. तोतयाच्या फौजेचा मोड करणारे महादजी शिंदे पानिपतावरून लंगडा पाय घेऊन आलेले. म्हणजे जे परत आले त्यांनी, परत न आलेल्याचा शेवट लिहिला. तोतया समुद्रातून निसटत होता, त्याला कुलाब्याच्या रघुजी आंग्र्यांनी पकडलं. पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला ठार केलं. कसं? कुणी सांगतं हत्तीच्या पायी दिला, कुणी सांगतं मेखसूने डोकं फोडलं. तोतयालाही एक शेवट धड मिळाला नाही. न. चिं. केळकरांनी पुढे ‘तोतयाचे बंड’ नाटक लिहिलं ते याच प्रकरणावर.

सरकारी शेवट असा लागला. पण एका बाईने तो स्वीकारलाच नाही.

पार्वतीबाई भाऊंच्या पत्नी. पानिपतावर त्या बरोबर होत्या, तिथून कशाबशा वाचून परतल्या. परतल्यावर त्यांनी विधवेचा वेश घेतला नाही. शास्त्रात बेपत्ता माणसासाठी सोय आहे. बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन करायचं. बारा वर्षं १७७३ मध्ये भरली. पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. १७७४ मध्ये नारायणरावांची गरोदर विधवा गंगाबाई पुरंदरावर गेली तेव्हा सोबतीला त्याच होत्या. म्हणजे त्या जगापासून तुटून कोपऱ्यात बसलेल्या नव्हत्या. कारभार, कारस्थानं, बाळंतपण, सगळ्यात होत्या. फक्त एक गोष्ट त्यांनी मान्य केली नाही. १७८३ मध्ये त्या गेल्या, तेव्हा कुठे भाऊंचं आणि त्यांचं उत्तरकार्य एकत्र झालं. बावीस वर्षं पेशव्यांचं सरकार एका बाईच्या कपाळाला हात लावू शकलं नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमची धाकटी आजी आठवली. आठवली म्हणजे काय, ती घरातच होती, पडवीत सुपारी कातरत.

धाकटे आजोबा होडीवर खलाशी होते. बाबा नववीत असताना एकदा होडी परत आली, आजोबा आले नाहीत. रात्री पाण्यात कधी पडले, कुणी पाहिलं नाही. दोन वर्षांनी गावातल्या एकाने सांगितलं, वेरावळच्या बंदरात दिसले. बाबा आणि काका जाऊन आले. कुणी नव्हतं. आजीचं कुंकू तसंच राहिलं आणि वरच्या सड्यावरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नावही.

सड्याला आता भाव आला आहे, कारण तिथून समुद्र दिसतो. गिऱ्हाईक आलं. वकील म्हणाले, सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं कायदा धरतो, कोर्टात जाऊन तसं ठरवून घ्या. अर्जासाठीची माहिती टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात भरभर टाइप मीच करते. नाव, वय, गाव लिहिलं. मग ‘मृत्यूची तारीख’ आली.

काका म्हणाले, होडी आली त्या दिवसाची घाल. मी आजीकडे पाहिलं. पैशांची गरज तिलाही होती. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं.

“लिव काय लिवायचा ता,” ती म्हणाली. “तारीख तवडी घालू नको.”

मी वकिलांना फोन केला. मला वाटलं होतं अडेल. ते म्हणाले, तारीख सोडून द्या. कायदा माणूस मेला एवढंच धरतो, कधी मेला ते धरत नाही. ते ज्याला सांगायचं असेल त्याने सिद्ध करायचं.

मी तो रकाना रिकामा सोडला. आजीने अंगठा नाही, सही केली. शिकलेली आहे ती चौथीपर्यंत. सही करताना नावापुढे ‘सौ.’ लिहिलं. काका काहीतरी बोलणार होते, बाबांनी त्यांना हाताने थांबवलं.

अर्ज गेला आहे. निकाल लागेल, सातबारा बदलेल, सड्यावर काहीतरी उभं राहील. तो अधिकृत शेवट असेल आणि तो खोटा नसेल. पण यंदाच्या सर्वपित्रीला आम्ही पानं वाढली तेव्हा आजीने ती स्वतः मोजली. पणजोबा, पणजी, थोरले आजोबा. तीनच.